खळीनं चिकटवलेलं नाव

दान आलेल्या पुस्तकांची पहिली पानं फाडून टाकायची, हा नियम मी काढला. पानं फाडलीही मीच. कुणी सांगितलं नव्हतं. उलट एकीनं नको म्हणून बजावलं होतं.

हे झालं टेमघरच्या एका विहाराच्या मागच्या खोलीत. मी तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला होतो. मोबाइल नुकते खिशात आले होते आणि जगाचा सगळा कारभार मिस्ड कॉलवर चालायचा. कॉलेजातल्या बौद्ध मुलामुलींचं एक विद्यार्थी मंडळ होतं आणि विहारानं त्यांना ती खोली वापरायला दिली होती. मी काही बौद्ध नव्हे. मी कशेळीच्या आगऱ्याचा मुलगा. आमच्या घराच्या तिन्ही अंगांना गोदामं उठलेली आणि चौथ्या अंगाला रस्ता. कंटेनर मागे घेताना जी पिपाणी वाजते, ती ऐकत मी अकाउंट्स शिकलो, म्हणून ते कच्चे राहिले, असं मी घरी सांगत असे. विहाराच्या खोलीत पंखा होता, माठ होता आणि पिपाणी नव्हती. वर्गातला एक मित्र मंडळात होता, त्याच्या मागे मागे अभ्यासाला म्हणून गेलो. धम्माची ओढ मला लागली ती अशी पंख्यापासून.

पण एकदा आत शिरल्यावर मला आवरणं कठीण झालं. दोन महिन्यांत मी मंडळातल्या कुणाहीपेक्षा जास्त बौद्ध झालो. ती मुलं जन्मापासून त्यात वाढलेली, त्यामुळे निवांत होती. विहारात यायची, वंदना म्हणायची, मग क्रिकेटचा स्कोअर विचारायची. मी मात्र पांढरा शर्ट घालून, पाठ ताठ करून बसायचो आणि पाली गाथा सगळ्यांच्या आधी संपवायचो. घरी जाऊन आईला सांगितलं, मी पंचशील घेतलंय. आई परातीत खाडीची मासळी, निवट्या, साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “बरा झाला. म्हंजे तुझ्या वाटचं तुझ्या बापाला.” दुपारी मी निवट्या खाल्ल्या. मारल्या मी नाहीत, असा खुलासा करून खाल्ल्या.

मंडळानं एक चांगली प्रथा पाडली होती. जयंतीच्या दिवशी विहारात येताना हार नको, मेणबत्ती नको, घरातलं एक पुस्तक आणा. लोकांनी ते मनावर घेतलं. कुणी एक आणलं, कुणी पिशवीभर, कुणी पोरांच्या चार वर्षांच्या गाइडांचा निकाल लावला. परीक्षा संपून मे महिना लागला तेव्हा खोलीत शिरायला जागा उरली नव्हती. पुस्तकं निवडायची, वाचनालय उघडायचं आणि शुक्रवारी-रविवारी ते चालवायचं, असं ठरलं. शुक्रवार एवढ्यासाठी की त्या दिवशी यंत्रमाग, म्हणजे लूम, बंद असतात आणि भिवंडीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा तो मित्र आणि मंडळाची सेक्रेटरी. सेक्रेटरी सायन्सची, माझ्याहून वर्षानं लहान. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवणाऱ्याची मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की ते दिवसभर टोचायचं. तीन ढीग करायचे, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. एक ठेवायचा, एक वाटायचा, एक रद्दीचा. वाटायची पुस्तकं वाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेला जाणार होती. पुस्तक उघडून झटकायचं, आतलं काही पडलं तर ते वेगळ्या डब्यात ठेवायचं. त्या डब्यात काय काय जमलं होतं: हॉल तिकिटं, पिंपळाची जाळी झालेली पानं, एक्स-रेची चिठ्ठी, लग्नपत्रिका, एका मुलीनं एका मुलाला लिहिलेलं आणि न दिलेलं पत्र. ते पत्र मी मोठ्यानं वाचायला घेतलं, तर सेक्रेटरीनं हात पुढे केला. मी मुकाट्यानं दिलं.

त्याच सुमारास एका रविवारी भंतेजींचं प्रवचन झालं. माणूस दान देताना वस्तू सोडतो, पण वस्तूवरचं आपलं नाव सोडत नाही, असं काहीसं ते म्हणाले. विहारातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असं लाल रंगात लिहिलेलं होतं, भंतेजी बहुधा वर बघूनच बोलत होते. मी ते थेट पुस्तकांवर घेतलं. आलेल्या पुस्तकांत पहिल्या कोऱ्या पानावर नाव असायचंच. अमक्याचं, तमक्याचं, इयत्ता, तुकडी, कुणी कुणाला वाढदिवसाला दिलं. मी जाहीर केलं, ही सगळी पानं काढायची. नावाची आसक्ती नको.

“शिक्का मार की बाजूला,” सेक्रेटरी म्हणाली. “पान कशाला फाडतोस?”

“भंतेजी काय म्हणाले ऐकलंस ना?”

“पंख्यांबद्दल म्हणाले.”

मी मत घेतलं. मित्राला रिकाम्या पोटी मत द्यायचं नव्हतं, त्याला वडापाव आणून दिला, दोन विरुद्ध एक असा ठराव पास झाला. पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीच्या मावसबहिणीचं लग्न होतं, ती गावी गेली आणि मला रान मोकळं मिळालं.

माझ्या डोक्यात दुसरी एक कल्पना होती. वाचनालयाच्या पुस्तकाला मागच्या कव्हरच्या आत एक कागद चिकटवलेला असतो, पुस्तक कधी नेलं आणि कधी आणायचं याची तारीख टाकायला. तसे सहाशे कागद हवे होते. फाडलेल्या पानांची मागची बाजू कोरी होती. एका पानाचे चार तुकडे केले की चार पुस्तकं झाली. नावाची बाजू खाली, कोरी बाजू वर. आसक्ती चिकटवून टाकायची आणि वर तारखा. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी ती कल्पना आईलाही सांगितली. ती म्हणाली, “येवढा डोका अभ्यासात घातला असता तर.”

चिकटवायला डिंक नको, तो उन्हाळ्यात सुटतो. मी खळ आणली. आमच्या काकांच्या जागेत एक सायझिंग भाड्यानं होती. लूमवर चढवायच्या आधी सुताला जिथं खळ पाजतात, ती सायझिंग. तिथल्या भय्यानं मला डालड्याच्या डब्यात भरून दिली. “पक्का माल है भाई,” तो म्हणाला, “चिपका तो चिपका.” मला वाटलं, जाहिरात करतोय.

याच दिवसांत बाबा आले.

बाबा म्हणजे सत्तरीकडे आलेले एक गृहस्थ. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत राहायचे. आयुष्यभर लूम दुरुस्त केलेले. बंद पडलेल्या लूमचा नुसता आवाज ऐकून काय मोडलंय ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. लूमनं त्या कौशल्याची पुरेपूर वसुली केली होती. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे आणि ते स्वतःही सगळ्यांशी चालू लूमवर बोलल्यासारखे बोलत.

लूमवरून उतरलेल्या कोऱ्या ग्रे कापडात बांधलेला गठ्ठा त्यांनी रिक्षातून उतरवला आणि स्वतः उचलून आत आणला. मला हात लावू दिला नाही. एकतीस पुस्तकं. जीवनचरित्रं, व्याकरण, पालीचं पहिलं पुस्तक, शरीरशास्त्राचं एक जाडजूड, घरगुती औषधांचं एक. प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर, शिवणीला लूमचंच सूत घालून टाके दिलेले.

“खोली गळतीया,” ते म्हणाले. म्हणाले म्हणजे विहाराच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. “पावसात भिजत्याल. हितं स्लॅब हाय. हितं ऱ्हातील, मी येऊन बघत जाईन.”

“हो बाबा,” मी म्हणालो.

“पयलं पान जपा. पयल्या पानावर...”

पहिलं पान म्हटल्यावर मला चेव आला. मी त्यांचा हात हातात घेतला आणि दान, नाव, आसक्ती यांवर जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं, अगदी मृदू आवाजात. प्रवचन मृदू आवाजातच द्यायचं असतं, असं मला वाटे. ते माझ्या ओठांकडे बघत हसले, मान डोलावली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. मी मित्राला म्हणालो, बघ, म्हाताऱ्या माणसाला लगेच पटलं.

एकाही शब्दाचा एकही कण त्यांच्या कानात गेला नव्हता. हे मला ठाऊक असायला हवं होतं. किंवा होतंच, असं आता वाटतं.

त्याच दुपारी मी त्यांचा गठ्ठा घेतला. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाईचं एक नाव होतं, एकच. पण बाबांचं अक्षर ते नव्हतं, हे उघड होतं. काही पानांवर ते नाव अख्खं पान व्यापून बसलेलं, अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी, काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. कुठे मधलं अक्षर राहूनच गेलेलं आणि मग वर कोंबलेलं. काही पुस्तकांत तेच नाव लहान आणि सरळ. मी मित्राला दाखवलं. “कुणातरी पोरानं आजीचं नाव गिरवलंय,” म्हणालो आणि हसलो. मग पट्टी ठेवून पानं फाडली. फाडताना अगदी काठोकाठ, नीट फाडली. त्या बाबतीत माझं काम सफाईचं होतं. कात्रीनं एकतीस पानांचे एकशे चोवीस तुकडे केले. खळ लावली, चिकटवले, वर विटा ठेवल्या.

ते नाव मी इथं लिहीत नाही. मी त्याचं जे केलं त्यानंतर ते पुन्हा माझ्या हातून कागदावर उतरू नये, असं वाटतं.

जूनमधल्या एका शुक्रवारी वाचनालय उघडलं. सेक्रेटरी गावाहून परत आली होती, तिनं कपाटं बघितली, मागचे कागद बघितले, बोट लावून पाहिलं आणि “घट्ट आहेत” एवढंच म्हणाली. मी ती शाबासकी धरली. चार-पाच पोरं वाचत बसली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आपली पुस्तकं त्यांनी लांबूनच ओळखली. एक काढलं, बाकावर बसले, चष्मा लावला, पहिलं पान उघडलं.

पान नव्हतं. त्यांनी पुस्तक उलटं करून मागून पाहिलं. मग ठेवलं, दुसरं घेतलं. मग तिसरं. सहाव्या पुस्तकानंतर ते माझ्यापाशी आले.

“पोरा, पयलं पान कुटं गेलं?”

मी खरं सांगू शकलो असतो. सेक्रेटरी तीन हातांवर बसली होती, मित्र होता, पोरं होती. मी म्हणालो, “वाळवी लागली होती, बाबा. काढावी लागली.”

“आं?”

“वाळवी!”

“कोन व्हती?”

“वाळवी लागली होती! पहिल्या पानांना! म्हणून काढली!”

खोटं माणूस शक्यतो हळू बोलतो. मला ती सोय नव्हती. तीन वेळा, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं, सगळ्या खोलीसमोर मी ते ओरडलो. पोरांनी पुस्तकं खाली ठेवली. बाबा बाकावर जाऊन बसले.

मग ते बोलले. मला नाही, कुणालाच नाही; पण त्यांचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू जायचं. त्यांची बायको लूममध्ये सुताच्या कांड्या भरायला जायची. निरक्षर होती. पन्नाशीला आल्यावर याच विहारात बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं जायला लागली. पाटी होती, पण पाटीवरचं पुसलं जातं, म्हणून तिला राग यायचा. बाबा महिना-दोन महिन्यांनी एखादं पुस्तक आणायचे. ते वाचायला बसायच्या आधी ती पुस्तक मागून घ्यायची आणि पहिल्या पानावर आपलं नाव लिहायची. एका पुस्तकावर एकदाच. आधी बाबा चिडायचे, एवढ्या पैशाचं पुस्तक खराब करतीस. ती म्हणायची, वाचनार तुम्ही, पन घरात माजंबी हाय ना. एकतीस पुस्तकं झाली तवा, ते म्हणाले, नाव लिवताना तिला मधी पेन उचलायचाबी लागत नव्हता. त्यानंतर महिन्याभरात ती वारली.

“फोटो हाय,” ते म्हणाले. “पन फोटोत ती नुसती बसलीया. हितं ती लिवत व्हती.”

उठताना त्यांनी मला हात जोडून “जयभीम” केला आणि माझीच समजूत काढली. “वाळवीला कोन काय करनार. तुज्या हातात काय व्हतं.”

ते गेल्यावर सेक्रेटरी उठली, एक पुस्तक घेतलं, मागचं कव्हर उघडून माझ्यासमोर धरलं. “तीन वेळा बोललास,” ती म्हणाली. “तिसऱ्या वेळी तर मलासुद्धा वाळवी दिसायला लागली.”

“मी सांगतो त्यांना. पुढच्या शुक्रवारी.”

“तूच सांगायचंस. मी नाही सांगणार.”

पुढच्या शुक्रवारी बाबा एक पिशवी घेऊन आले. पिशवीत डांबर गोळ्या होत्या आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. ग्रे कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या त्यांनी घरी शिवून आणल्या होत्या. गुडघे धरत ते प्रत्येक कपाटापाशी खाली बसले आणि प्रत्येक खणात एकेक पुरचुंडी ठेवली. त्यांची पुस्तकं एका खणात होती. त्यांनी सगळ्या खणांत ठेवल्या. “माजं गेलं ते गेलं,” म्हणाले, “बाकीच्यांचं तरी ऱ्हावं.” मी पुरचुंड्या पुढे करत होतो. त्यांनी माझं कौतुक केलं की पोरगा सेवाभावी आहे.

त्या रविवारी पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शिलाला मी फक्त ओठ हलवले. शेजारी सेक्रेटरी होती. तिनं ते माझ्या वाटचंही मोठ्यानं म्हटलं.

आता चिकटवलेलं काढायचं काम सुरू झालं. आम्ही दोघं रोज दुपारी बसायचो, भारनियमनात लूम बंद पडायचे त्या तासांत. घामानं कागद भिजू नये म्हणून ती मला हातरुमाल मनगटाला बांधायला लावायची. सहाशे पुस्तकांत एकशे चोवीस तुकडे कुठे कुठे आहेत, याची नोंद मी ठेवली नव्हती. आसक्ती नको ना. कागदाचा रंग आणि उजेडात धरल्यावर खालून पुसट दिसणारी निळी रेघ, एवढ्यावर शोधायचं. सापडला तुकडा की किटलीची वाफ द्यायची, ओल्या फडक्यानं दाबायचं, ब्लेडनं कड उचलायची. खळीनं आपलं काम चोख केलं होतं. नावाची बाजू खाली होती, म्हणून बहुतेक वेळा अक्षर कव्हराकडेच राहायचं आणि माझ्या हातात कोरी पापडी यायची. सायझिंगचा भय्या जाहिरात करत नव्हता.

त्यात वाटायचा ढीग आश्रमशाळेला आधीच गेला होता. तिथंही मी माझे कागद चिकटवून दिले होते, हौसेनं. वाड्याकडच्या पोरांच्या पुस्तकांत त्या बाईच्या नावाचे कोपरे गेले. मी एकदा एस.टी.नं जाऊन आलो. तिथल्या गुरुजींनी सांगितलं, पुस्तकं पोरांनी घरी नेलीत, पाड्यापाड्यांवर. त्यांनी चहा पाजला आणि पुस्तकांबद्दल माझे आभार मानले. त्या वर्षी माझे आभार फार लोकांनी मानले.

तीन आठवड्यांनी हाताला काय लागलं? सात नावं अख्खी. ती शेवटची. हात बसल्यावर तिनं लहान, सरळ अक्षरात लिहिलेली, म्हणून पानाच्या एका चौकोनात मावलेली आणि कात्रीतून वाचलेली. पहिली पहिली, अख्खं पान अडवणारी, घसरणारी, मधलं अक्षर वर कोंबलेली, त्यांतलं एकही पूर्ण आलं नाही. एक काना. अर्धी वेलांटी. शिरोरेघेचा एक तुकडा, तो कुठल्या अक्षरावरचा ते कळायला मार्ग नाही. ती लिहायला शिकत होती तेवढंच नेमकं मी कापून टाकलं होतं.

हे सगळं मी एका कोऱ्या वहीत चिकटवलं. या वेळी डिंकानं.

वही तयार झाली तरी मी बाबांना सांगितलं नाही. एक शुक्रवार माझा राहिलेल्या अकाउंट्सचा पेपर होता. एक शुक्रवार पाऊस होता. एक शुक्रवार ते इतके आनंदात होते की सांगवेना. वाळवी पुन्हा दिसली नाही म्हणून आनंदात होते. दर वेळी ते पुरचुंड्या हुंगून बघायचे आणि वास उतरला असेल तर नवी गोळी घालायचे. खोलीला डांबर गोळ्यांचा असा काही वास लागला की आजही कुणाच्या गोधडीतून तो आला तर मी उठून दुसरीकडे जाऊन बसतो. घरची माणसं याला माझे नखरे म्हणतात.

मग सलग तीन शुक्रवार बाबा आले नाहीत. सेक्रेटरीनं वडिलांची रिक्षा विहाराच्या फाटकाशी बोलावून घेतली आणि मागच्या सीटवर ती वही ठेवली.

बाबांची खोली गल्लीच्या टोकाला. दोन्ही बाजूंना लूमची शेड. एकीकडून लूमची थाप यायची, दुसरीकडून तिचा जबाब आणि मधल्या भिंतीवरचं कॅलेंडर सारखं हलायचं. त्याच्या शेजारी बायकोचा फोटो. खोली खरंच गळत होती, तीन ठिकाणी भांडी मांडलेली होती. बाबांचे गुडघे सुजले होते, ते खाटेवर बसून होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

मी वही मांडीवर ठेवली आणि बोलायला लागलो. लूमच्या त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, त्यांना काय येणार. “आं?” ते म्हणाले. मी मोठ्यानं बोललो. “आं?” मी त्यांच्या कानाशी गेलो आणि छाती फुगवून, जीव खाऊन ओरडलो, “वाळवी नव्हती बाबा! पानं मी फाडली!”

आणि नेमकी लाइट गेली. भारनियमन. दोन्ही बाजूंचे सगळे लूम एका दमात थांबले आणि त्या शांततेत माझं “मी फाडली” गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलं. शेडमधले कारागीर दारात आले. समोरच्या बाईनं डाळ निवडता निवडता हात थांबवला. कुणीतरी पलीकडून विचारलं, “क्या फाड दिया, भाई?”

बाबांना या वेळी ऐकू आलं होतं. त्यांनी वही ओढून घेतली. पहिलं पान उघडलं. त्यावर मी त्या अर्ध्या वेलांट्या आणि काने मांडले होते, जमेल तशा ओळीत. ते एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेले. सात अख्ख्या नावांपाशी थांबले नाहीत, ती पानं भरभर उलटली आणि परत पहिल्या पानावर आले. शिरोरेघेच्या त्या एकट्या तुकड्यावर त्यांचं बोट बराच वेळ होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. भंतेजी, पंखे, कात्री, खळ. या वेळी लूम बंद होते, त्यांच्या कानाशी एकेक शब्द ठेवत गेलो.

“म्हंजे वाळवी न्हवतीच?”

“नव्हती.”

“मंग मी गोळ्या कुनासाठी घालत व्हतो?”

एका भांड्यात वरून थेंब पडत होता. बाबांनी वही मिटली, कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे हात केला, मी ती ओढून दिली. वही तिथं सगळ्यात वर ठेवून त्यांनी झाकण लावलं. मी तसाच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, पांढऱ्या शर्टापाशी थोडे थांबले, आणि गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले:

“वाळवी परवडली असती रे. ती निदान भुकेपायी खाते.”